आत्याचा सरावाचा पेशंट

परदेशी जाऊन पस्तावलेली जगातली प्रत्येक नर्स केवळ माझ्या आत्याला न विचारता गेली म्हणून पस्तावली, याबद्दल आत्याला तिळमात्र शंका नव्हती. ती स्वतःही सात वर्षं आखातात नर्स होती आणि पुष्कळ पस्तावली होती. पण तिच्या वेळी सल्ला द्यायला दुसरी आत्या उपलब्ध नव्हती, त्याला ती तरी काय करणार? परत आल्यावर ती उमरखेडला आमच्याच घरी राहिली आणि ओसरीवर तिने एक विद्यापीठ काढलं. ते दिवस कापसाने जिल्ह्याकडे पाठ फिरवल्याचे. बोंडांत राम उरला नाही म्हटल्यावर महागाव-मारेगावकडच्या बापांना एकाएकी स्त्रीशिक्षणाचं महत्त्व पटलं. दहावीपुढे पोरीला कशाला शिकवायचं म्हणणारे हेच थोर पुरुष आता नर्सिंग झालेली लेक एसटीने आमच्या दारात आणून उभी करत. आत्या आधी बापाला बाहेरच्या बाकावर बसवायची. "तुम्ही चालले का तिकडं? नाई ना? मंग तिले बोलू द्या."

तिचा पहिला धडा कागदांचा. "मूळ सर्टिफिकेट कोणाच्या हाती द्यायचं नाई. एजंट मागते? झेरॉक्स दे. लयच मागते? अजून एक झेरॉक्स दे." पोरींना ती असं बिघडवते हे ऐकून एक एजंट स्वतःच आमच्याकडे आला. घरातही गॉगल न काढणारा तो गृहस्थ तिकडच्या दवाखान्याचं वर्णन एखाद्या लग्नाच्या हॉलचं करावं तसं करू लागला. आत्याने शांतपणे विचारलं, "एका नर्सकडं पेशंट किती?" त्याने छताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि अर्धा चहा ठेवून तो निघून गेला. उरलेला चहा आत्याने झाडालाही घातला नाही, मोरीत ओतला.

पण तिचा खरा विषय वेगळा होता. "इथं पेशंटसंगं अर्धं गाव येते," ती सांगायची. "बायको पाठ पुसते, सून खाऊ घालते. नर्स सुई टोचते अन् ओरडते. तिकडं बायको नाई, सून नाई. सगळं तूच." हे ती अनुभवाने सांगायची. तिकडच्या पहिल्या दिवशी ती एका म्हाताऱ्याला अंघोळ घालायला त्याच्या घरचे येतील म्हणून दुपारपर्यंत दारात वाट बघत उभी होती. घरचे येणारच नव्हते. म्हातारा तसाच पडून राहिला, आणि मोठ्या सिस्टरने साऱ्या वॉर्डासमोर हिची लाज काढायची तेवढी काढली.

म्हणून आमच्याकडे दर रविवारी सराव चाले. सरावाला पेशंट लागतो, आणि तो मान माझ्या वडिलांचा होता. तहसील कचेरीत शिपायापासून नायब तहसीलदारापर्यंत सगळ्यांवर डाफरणारा हा धडधाकट माणूस रविवारी सकाळी बनियनवर बाजेवर आडवा व्हायचा. पोरी त्यांना स्पंज करायच्या, चमच्याने पातळ खिचडी भरवायच्या, या कुशीवरून त्या कुशीवर वळवायच्या. "वळवण्याआधी पेशंटले सांगायचं," आत्या बजावायची, "पोतं नाई ते." मारेगावच्या एका पोरीने एकदा इतक्या उत्साहाने वळवलं की वडील धाडकन खाली आले.

"पेशंट पडला. आता काय करशील?" आत्याने विचारलं.

"काकांले उचलते," पोर रडकुंडीला येऊन म्हणाली.

"पेशंटले काका म्हणायचं नाई."

वडिलांनी जमिनीवरून हे ऐकलं, आणि उठून ते पुन्हा बाजेवर आडवे झाले. ते इतके गरीब का होतात याचं मला फार दिवस नवल वाटे.

ते मला तिच्या शेवटच्या धड्यातून कळलं. या धड्याला बाकावरच्या बापालाही आत बोलावलं जाई. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीसमोर घरच्यांनी कबूल करायचं की घरात कोणी आजारी पडलं, कोणी गेलं, तर पोरीला त्याच दिवशी कळवू. आत्या तिकडे असताना माझी आजी वारली होती. परमुलखात एकटी आहे, रडून काय करील, म्हणून वडिलांनी तिला कळवलंच नाही. सात महिने ते पत्रात लिहीत राहिले, आई बरी आहे, तुझी आठवण काढते. आत्या रजेवर आली, अंगणातच बॅग उघडून तिने आईसाठी आणलेला स्वेटर हातात धरला आणि विचारलं, "आई कुठं हाय?" त्याबद्दल ती भावाशी कधी भांडली नाही. फक्त त्याला बाजेवर झोपवलं.

पुढे मीही नर्स झाले, मीही निघाले. तसबिरीसमोर वडिलांनी खणखणीत आवाजात कबूल केलं. आत्याला ते बाई म्हणत. दोन वर्षांनी फोनवर ते म्हणाले, "बाई मस्त आहे, जरा खोकला आहे." त्याच आठवड्यात हॉस्टेलवर दुसरा फोन आला, उमरखेडच्या एसटीडी बूथवरून.

"मले कॅन्सर झाला," आत्या म्हणाली. "तुहा बाप सांगणार नाई, म्हणून मीच सांगून राह्यली. रजा टाक. अन् रडू नको, मीटर पळून राह्यलं."

रजा मिळायला पंधरा दिवस गेले. घरी पोचले तेव्हा आत्या त्याच बाजेवर होती, पार वाळलेली. वडील शेजारी बसून कोमट पाण्यात फडकं पिळत होते. "बाई, आता डावीकडं वळवतो," त्यांनी आधी सांगितलं, मग अलगद वळवलं, पाठ पुसली, कोरडी केली. इतकी वर्षं पेशंट होऊन पडल्यापडल्या त्यांनी सगळा कोर्स पुरा केला होता. माझ्याकडे मात्र ते बघत नव्हते.

मी पदर खोचून पुढे झाले. "बाबा, द्या इकडे. मी करते."

"तू बस," आत्या म्हणाली. "इथं पेशंटचं घरचे करतात." मग जरा दम घेऊन म्हणाली, "तुहा बाप कबूल केलेलं पाळत नाई. पण पाठ चांगली पुसते."

वडील फडकं तोंडावर धरून रडले. आत्याने त्यांना रडू दिलं आणि मग पाणी थंड झाल्याची तक्रार केली.

अठरा दिवसांनी ती गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. आपल्या आईच्या वेळी तिला जे मिळालं नाही, ते तिने मला फोन करून मिळवून दिलं. तिचे आभार मानायचं माझ्या मनात होतं, पण तिने ते कधी मानू दिले नाहीत.