गाण्यात चहा मागणारा माणूस

कोचकोर गावच्या शाळेत सेयिलकान एजेंनी एकतीस वर्षं गाणं शिकवलं. एजे म्हणजे थोरली बहीण, पण शाळेतली पोरं काय आणि त्यांचे बाप काय, सगळे त्यांना एजेच म्हणायचे. मी त्याच शाळेत संगणक शिकवते. निवृत्तीनंतर त्या घरी बसतील असं आम्हाला वाटलं होतं. बसल्याही, पण मांडीवर कोमुझ घेऊन. तीन तारांचं ते वाद्य इतरांच्या घरी भिंतीवर टांगलेलं असतं; एजेंच्या घरी त्याला भिंत अशी मिळायचीच नाही.

त्यांचे यजमान मुकाम्बेत पूर्वी ट्रक चालवायचे, आता चहा प्यायचे. चहाचा वाडगा आमच्याकडे काठोकाठ भरत नाहीत, अर्धाच ओततात, म्हणजे बायकोची उठबस दुप्पट. वैतागून एजेंनी त्यावरच गाणं रचलं. नवरा चहा मागत राहतो, बायको ओतत राहते आणि शेवटी चहाचं पाणी उकळणारा बिचारा समोवारही हात टेकतो, असं काहीसं. चाल इतकी खट्याळ की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलायला लागायची.

एका रविवारी मी ते फोनवर रेकॉर्ड करत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून मुकाम्बेतांचा खराखुरा आवाज आला, "बायबिचे, चहा!" म्हातारे नवरे आमच्याकडे बायकोला मानानं बायबिचे म्हणतात. एजेंचं बोट तारेवरून घसरलं, त्या हसल्या आणि गात राहिल्या. पुन्हा करू या का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, राहू दे, पुन्हा केलं तरी तो मागणारच.

मी ते बहिणीला पाठवलं, तिनं नणंदेला, नणंदेनं आणखी कोणाला. चार महिन्यांनी एका टॅक्सीत तेच गाणं माझ्या कानावर पडलं. आवाज एजेंचाच, खाली धडाधड ढोल, आणि मध्ये तीनदा "बायबिचे, चहा!" टॅक्सीवाला म्हणाला, लग्नात हे लागलं की सगळा मांडव एका सुरात चहा मागतो. त्याच्या फोनच्या पडद्यावर गाण्याखाली नाव होतं एलामान. बालिकची शहरात लग्नांत गाणी वाजवणारा पोरगा.

एजेंना आधी गंमतच वाटली. ढोल जरा जास्त झालाय, एवढीच त्यांची तक्रार. मग मी मूळ गाणं त्यांच्या नावानं इंटरनेटवर चढवलं आणि दुसऱ्या दिवशी ते गायब. निरोप आला होता की हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे, परवानगीशिवाय वापरल्याबद्दल काढून टाकलंय. एजेंनी तो मला दोनदा वाचायला लावला. कॉपी करणाऱ्या पोरांना जन्मभर बाकावर उभं केलं होतं त्यांनी. त्या दिवशी मुकाम्बेतांनी चहा स्वतः ओतून घेतला, यावरून काय ते समजा.

मी तक्रारीचे फॉर्म भरले. तीन वेळा तेच ठरावीक वाक्य आपोआप उत्तरादाखल आलं. एजे म्हणाल्या, यंत्राशी मी वाद घालणार नाही. तो पोरगा तर माणूस आहे ना?

पुढच्या शनिवारी मुकाम्बेतांच्या नात्यातलं लग्न बालिकचीलाच होतं, आणि गाणी वाजवायला एलामान. आम्ही तिघं गेलो. जेवल्याशिवाय भांडायचं नाही हा एजेंचा नियम, म्हणून आधी पोटभर जेवलो. मग त्या सरळ त्याच्या टेबलापाशी गेल्या आणि चहाचं गाणं कोणाचं म्हणून विचारलं. तो हसून म्हणाला, माझंच.

"मग त्यात चहा मागतोय तो कोण?"

"असेल कुणी म्हातारा."

एजे मागे वळल्या. "बोला हो."

मुकाम्बेत चारचौघांत कधी तोंड उघडत नसत. त्यांनी घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, "बायबिचे, चहा."

शेजारच्या टेबलावरच्या बायका खाता खाता थांबल्या. एलामानचे कान लालबुंद. मग त्यानं खरं ते सांगितलं. गाणं फोनवर असंच फिरत आलं, नाव नव्हतं. गाणी सगळीकडे पोचवणाऱ्या कंपनीच्या फॉर्मवर नावाची जागा रिकामी सोडता येत नाही, म्हणून स्वतःचं टाकलं.

"मला वाटलं जुनं लोकगीत आहे, एजे. कोणाचंच नसेल."

"जुनी मी आहे, गाणं नाही," एजे म्हणाल्या. "आणि नाव आम्हा दोघांनाही आहे."

त्यानं तो फॉर्म उघडून लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. शब्द, चाल, आवाज सेयिलकान, ढोल एलामान. मी घाईत नावातलं एक अक्षर चुकवलं, तेही त्यांनी दुरुस्त करायला लावलं. मुकाम्बेत मागे उभे राहून उगाच खोकत होते, हलेनात. शेवटी एजे म्हणाल्या, यांनाही घाल कुठेतरी. चहा मागण्याचा रकाना काही सापडला नाही, म्हणून "इतर आवाज" असं लिहिलं.

एलामाननं आपला दावा लेखी मागे घेतला. तीन आठवड्यांनी एजेंचं मूळ गाणं परत दिसू लागलं, ढोलाशिवाय.

या वसंतात एजेंनी नवं गाणं रचलं. एलामान त्याखाली ढोल घालायची परवानगी मागायला स्वतः कोचकोरला आला. त्यांनी नाही म्हटलं नाही, नुसतं कोमुझ त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, आधी हे वाजवून दाखव. तेव्हापासून तो दर मंगळवारी येतो. मधल्या तारेवर अडकलाय. एजेंचं म्हणणं, पोरगा वाईट नाही, फक्त त्याचा हात फार जोरात पडतो.