प्रचाराच्या कॅसेटमधल्या आई

फोन बाबांचा होता, माझ्या सासऱ्यांचा. मीटिंग सोडून मी बाहेर आले. "आईला हाका मारतोय... बोलत नाहीये," ते म्हणाले. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं, सासूबाई कित्येक वर्षं बोलतच नव्हत्या. घशाच्या कॅन्सरमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं. तरी बाबांना दुसरा शब्द सुचला नाही आणि मलाही त्याचा अर्थ लगेच कळला. विश्रांतवाडीला पोहोचले, तर शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या...

नव्वदच्या दशकात आमच्या भागात निवडणूक आली, हे कळायचं ते आईंच्या आवाजावरून. कॉलेजला जाताना रिक्षाच्या टपावरच्या भोंग्यातून मी तो कितीदा ऐकला होता. "चहा घ्या कुणाचाही, शिक्का मारा कपबशीवरच!" पुढे स्थळ म्हणून हे लोक घरी आले. "काय शिकलीस गं?" एवढंच त्यांनी विचारलं आणि मी दचकले. या बाई आता मत मागणार, असंच वाटलं! येईल त्या उमेदवाराची घोषणा त्या स्वयंपाकघराचं दार लावून घरच्या टेपवर रेकॉर्ड करून द्यायच्या. शेजारणी चिडवायच्या, "सगळ्यांच्याच बाजूने बोलता, मग मत कुणाला हो?" त्यावर आईंचं उत्तर ठरलेलं असे, "ते पेटीला विचारा."

ऑपरेशननंतर त्या पाटीवर लिहू लागल्या. कुणाला बोलवायचं असलं की टाळी वाजवायच्या. आमची सई त्यानंतर जन्मली; तिची आजी टाळीचीच.

माझी मैत्रीण मेधा जुन्या निवडणुकांची पत्रकं, बिल्ले, पोस्टरं स्कॅन करून इंटरनेटवर कुणालाही बघता येतील अशा संग्रहात ठेवत होती. माळ्यावर आईंच्या कॅसेट आहेत, असं मी सहज बोलून गेले आणि पुढच्याच रविवारी ती प्लेअर आणि लॅपटॉप घेऊन दारात हजर! आईंनी मान हलवून होकार दिला, पण बसल्या भिंतीला टेकून, जरा लांबच. आधी नुसती खरखर... मग एकदम तो आवाज, ठणठणीत, खोलीभर. आईंचे ओठ हलू लागले, शब्दाला शब्द जुळवून. सई म्हणाली, "आजी, ही बाई कोण?" आईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. सईने त्यांच्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं आणि माझ्यामागे येऊन लपली.

घोषणा चालू असतानाच मध्ये तोच आवाज खाली उतरून म्हणाला, "अहो, दूध बघा, उतू जातंय!" खुर्चीतले बाबा अर्धे उठले. मग आपण काय करतोय ते कळून हळूच खाली बसले.

"एवढं कापून टाकते, हा काही प्रचार नाही," मेधा म्हणाली.

आईंनी टाळी वाजवली. पाटीवर लिहिलं, "ठेवा."

"घरातलं कशाला जगाला ऐकवायचं?" बाबा चिडले. "लोक हसतील."

आईंनी पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं, "तेवढंच माझं आहे. बाकीचं उमेदवारांचं." बाबा उठून गॅलरीत गेले. मेधाने काहीच कापलं नाही.

आई गेल्यावर त्यांच्यासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, तेव्हा बाबा म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीला सांग, ते काढून टाक म्हणावं. माणूस गेलं, आणि आवाज कुणीही उठून ऐकायचा?" मी मेधाला फोन केला. घरचे म्हणतील तसं करू, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी चहा घेताना बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू दे. तिने 'ठेवा' लिहिलं होतं." ते स्वतः मात्र कधी ऐकत नाहीत. सईसुद्धा ऐकत नाही. तिला त्या बाईची भीती वाटते.

मी ऐकते, ऑफिसात हेडफोन लावून. शेवटची घोषणा संपते, निशाणी सांगून होते, आणि टेप बंद करायच्या आधी आई एक श्वास घेतात. पुढे काही बोलायचं असल्यासारखा, खोल... मग खट्‌कन बटण दाबल्याचा आवाज येतो. शेजारच्या टेबलावरचा मुलगा विचारतो, कॉल संपला का? मी हेडफोन काढत नाही.