डावीकडून तिसरं प्रेत

एल्वेत्सियाबाईंना उंदराची भीती नव्हती, विजेची नव्हती, नणंदेच्या जिभेचीही नव्हती. आणि देर्नाची जीभ म्हणजे आमच्या समुद्रकाठच्या गावात कोळ्यांच्या सुऱ्यांहून धारेची. बाई घाबरायच्या त्या फक्त आपल्या नवऱ्याला, आणि तेही तो मेल्यावर.

नाझारेनो खाटीक. एक पाय ओढत चालायचा. सात वर्षांमागे रोमहून सिनेमावाले आले, त्यांना कबरीतून उठणारी मढी हवी होती. हा आतडी पोचवायला गेला, तर त्याची चाल बघून त्यांनी त्यालाच ठेवून घेतला. तीन दिवस तोंडाला निळा चिखल फासून गडी मेलेला हिंडला. घरी येऊन म्हणतो, "साहेब म्हणाले, तुझ्याइतकं झकास कुणाला मरता येत नाही."

"मेल्यावर उठायचा मान देवाच्या एकट्या लेकाचाच," बाई म्हणाल्या. "देव ऐकतोय हो."

तो हसला. बाई काही सिनेमा बघायला गेल्या नाहीत.

गेल्या वर्षी तराजूत काळीज ठेवता ठेवता नाझारेनो दुकानातच कोसळला. पाद्रीबाबा मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन धावत आले, पण उशीर झाला होता. शेवटचं तेल नाही, पापाची क्षमा नाही. तेव्हापासून भर दुपारी, गाव पेंगत असताना, बाईंना जिन्यावर पावलं ऐकू यायची. एक ठाम, एक फरफटत. देवाने थट्टा खरी धरली आणि हा आता असाच फिरत राहणार, असं त्यांच्या मनाने घेतलं.

त्यातच सेत्तिमिओ न्हाव्याने दुकानात भाड्याने द्यायच्या व्हिडिओ कॅसेटी ठेवल्या, त्यांत तो मढ्यांचा सिनेमाही. बाई रस्त्याने चालल्या होत्या, तर हा वस्तरा हलवत म्हणतो, "बाई, यजमान आलेत. नेता का घरी?" आठवडाभर गाव हसलं.

शेवटी मृतांच्या दिवशी, कबरीवर शेवंती वाहून आल्यावर, देर्नानेच कॅसेट आणली.

"वन्सं, नको हो."

"माझा भाऊ आहे तो, वहिनी. तू डोळे मीट."

झडपा लावल्या. पडद्यावर माती हलली, भेगाळली, वर हात आला. करंगळीचं पेर नसलेला. नाझारेनोचं ते दुकानातच सुरीखाली गेलं होतं. बाईंनी नणंदेचं मनगट आवळलं. तो उठला. कण्हणं उसनं, रोमच्या कुणाचं तरी. पावलं मात्र तीच. एक ठाम, एक फरफटत. बाईंनी वळून जिन्याच्या दाराकडे पाहिलं.

मग चार मढी आतड्यांच्या ढिगावर वाकली. तिघांनी ओरबाडायला घेतलं. डावीकडून तिसऱ्याने मात्र हात आधी कपाळाला नेला, मग छातीला, डाव्या खांद्याला. उजव्या खांद्यापर्यंत जाईतो शेजाऱ्याचा धक्का लागला.

"थांबवा," बाई म्हणाल्या. "वन्सं, पाहिलंत? जेवणाआधी क्रूसाची खूण केली त्यांनी."

साधं ऑलिव्ह तोंडात टाकतानाही नाझारेनो क्रूस करायचा. देर्ना गप्प बसली. गावाने लक्षात ठेवावी अशीच ही गोष्ट.

"पुन्हा दाखवा."

देर्नाने कॅसेट मागे फिरवली, पण बोट बटणावरच राहिलं. नाझारेनोने क्रूस उलटा उसवला, पाठमोरा फरफटत गेला, खड्ड्यात उतरला. माती मिटली. तुटकी करंगळी सगळ्यात शेवटी.

"इथेच राहू द्या," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कॅसेट सेत्तिमिओपुढे ठेवून म्हणाल्या, "मातीपाशी आणून ठेवलीय. कुणी नेली, तरी परत आली की इथेच आणून ठेवायची. नाहीतर ते बाहेर राहतील."

सेत्तिमिओच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. बाईंचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं, आणि तेव्हापासून न चुकता कॅसेट मातीपाशी आणून ठेवू लागला.

पण शनिवारी कुणी ती घरी नेलीच, तर परत येईस्तोवर बाई जिन्याच्या दाराला कडी घालून बसतात. कडीबाहेर, पायरीवर, बशीत चार ऑलिव्ह ठेवतात.