निळ्या रेघा

नोंद विभागात तिला सगळे टायपिस्टबाई म्हणत. तिचा खरा हुद्दा बराच लांबलचक होता, पण तो कुणाच्या तोंडी बसला नाही. डॉक्टर तपासणी झाली की रेकॉर्डरवर बोलून ठेवत. मग टायपिस्टबाई कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने आवाज थांबवत-चालवत ते सगळं उतरवून काढी. रुग्ण घरी जाताना त्याच्या हातात जो कागद पडतो, काय झालं होतं, काय केलं, कुठली गोळी कधी घ्यायची, तो एकवीस वर्षं तिच्या बोटांतून जात होता. टाइप करताना ती डोळे मिटून घेई. पडद्याकडे बघितलं की कान बंद होतात, असं तिचं म्हणणं होतं.

यंत्रांबद्दल तिची मतं पक्की होती आणि ती न विचारताही मिळत. हेडफोन वायरचाच हवा. ऐन कामात चार्जिंग संपणारा कान काय कामाचा? कीबोर्ड वाजणारा हवा, म्हणजे बोट पोचलं की नाही ते कळतं. फोन बटणांचा. आणि अपडेट म्हणजे चालत्या गाड्याला खीळ.

याच्या अगदी उलट तिची नणंद. ती वरच्याच मजल्यावर राही आणि त्याच विभागात संगणकांची व्यवस्था बघे. नवा फोन बाजारात आला की हिच्या हातात. मनगटावरच्या घड्याळाने बजावलं की ती खुर्चीतून उठून चार पावलं चाले. "आमची आई सांगून दमली तेव्हा ही उठली नाही, आता घड्याळाचं ऐकते," असं टायपिस्टबाईचा नवरा म्हणे. दोघींच्या वादात आपण फक्त चार्जर शोधतो, असंही तो म्हणे.

त्या वर्षी विभागात टायपिंगचा नवा प्रोग्रॅम आला. निवड नणंदेची. घरात आठ दिवस धुसफूस चालली. टायपिस्टबाईने एकवीस वर्षांत अकराशे संक्षेप जमवले होते. 'रए' टाइप करून स्पेसबार दाबला की 'रोज एकदा' उमटे, 'आए' दाबलं की 'आठवड्यातून एकदा'. माझी यादी नव्या प्रोग्रॅममध्ये आली तरच मी त्याला हात लावीन, अशी तिने अट घातली. नणंदेने यादी आणून दिली.

नव्या प्रोग्रॅमची एक सवय होती. एखादा शब्द चुकलाय असं वाटलं की तो स्वतःच दुरुस्त करी आणि त्याखाली निळी रेघ मारी. पहिल्याच दिवशी टायपिस्टबाईचं पान निळ्या रेघांनी भरलं, कारण माणसांची आडनावंसुद्धा त्याला चुका वाटत. तिने सेटिंगमध्ये शिरून रेघा बंद केल्या. पण दुरुस्ती बंद करायची जागा वेगळी होती, ती चालूच राहिली. नणंद म्हणाली, निदान पंधरा दिवस तरी रेघा राहू दे. यावर टायपिस्टबाईने एवढंच विचारलं, की एकवीस वर्षांत माझी एक तरी चूक कुणी दाखवलीय का? नणंद आपल्या टेबलाकडे वळली.

अकराव्या दिवशी सकाळी साडेदहाला वॉर्डमधून सिस्टरांचा फोन आला. एका बाईला आज घरी सोडायचं होतं. सांधेदुखीची एक गोळी कागदावर रोज लिहिलीय, नेहमी ती आठवड्याला एकच असते, डॉक्टरांनी बदललीय का? टायपिस्टबाईने जरा तोऱ्यातच सांगितलं, की डॉक्टर बोलले असतील तेच कागदावर आलं असणार. फोन ठेवला आणि तरीही तिने रेकॉर्डिंग लावलं. डॉक्टर स्वच्छ म्हणत होते, "आठवड्यातून एकदा."

तिने डोळे उघडे ठेवून 'आए' टाइप केलं आणि स्पेसबार दाबला. पडद्यावर उमटलं, 'रोज एकदा'. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

सगळं प्रोग्रॅमवर ढकलता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. हे तिच्या मनात आलं, तिने ते पुढे अनेकदा बोलून दाखवलं. पण ती उठली आणि तीन टेबलं ओलांडून नणंदेपाशी गेली.

"ऐक. 'आठवड्यातून'च्या जागी 'रोज' जातंय. रेघ दिसली असती, पण रेघा मी बंद केल्यात."

नणंदेने यादी उघडली. दोन अक्षरांच्या संक्षेपांतले त्रेचाळीस आलेच नव्हते. 'आए' यादीत नाही म्हणून प्रोग्रॅमने तो चुकलेला 'रए' धरला होता. नणंद पडद्याकडेच बघत म्हणाली, "मी यादी तपासली नाही, वहिनी. तू कटकट करशील म्हणून घाईत आणली."

विभागप्रमुखांना आणि डॉक्टरांना कळवलं. अकरा दिवसांच्या फाइली चाळल्या. त्या गोळीचे एकोणीस कागद निघाले, त्यातले पाच टायपिस्टबाईच्या हातचे, आणि त्या पाचांवर 'रोज' होतं. दोन रुग्ण अजून वॉर्डातच होते. घरी गेलेल्यांपैकी दोघांनी फोन उचलला. त्यांनी गोळी आणलीच नव्हती. राहिला एक. सत्तरीचे, एकटे राहणारे, खिडक्यांना काचा बसवण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सहा दिवसांपूर्वी घरी गेलेले.

त्यांचा फोन वाजून वाजून बंद होत होता. नणंद म्हणाली, अनोळखी नंबर गप्प करायचं सेटिंग असणार, फसवणुकीच्या भीतीने हल्ली मुलंच आईवडिलांच्या फोनवर ते लावून देतात. निरोप पाठवला, पण तो वाचल्याची खूण येईना. मुलगी दुसऱ्या शहरात. तीही फोन उचलेना. रुग्णवाहिका यायला पाऊण तास होता. पत्ता वीस मिनिटांवरचा. डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही पुढे व्हा, आजची गोळी त्यांच्या पोटात जाता कामा नये.

नणंदेने गाडी काढली. तिच्या घड्याळाने दोनदा सांगितलं की तुमचे ठोके वाढलेत. दुसऱ्यांदा तिने ते काढून मागच्या सीटवर टाकलं. टायपिस्टबाई हातातला दुरुस्त कागद घडी घालत होती, उलगडत होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दाराला साधी घंटा नव्हती, कॅमेऱ्याची होती. बटण दाबलं. आत हालचाल नाही. पुन्हा दाबलं. मग घंटेतूनच एका बाईचा आवाज आला, कोण पाहिजे? ती मुलगी होती. बाबांच्या दाराची घंटा तिच्या फोनवर वाजत होती. हॉस्पिटलमधून आलोय म्हटल्यावर आवाज आणखी कोरडा झाला. तुम्ही खरंच तिथल्या आहात हे मी कशावरून मानू, असं तिने विचारलं. आणि यात तिचं काय चुकलं?

नणंद ओळखपत्र शोधू लागली. टायपिस्टबाईने कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

"तुमच्या वडिलांचा कागद मी टाइप केला. सांध्यांची गोळी आठवड्यातून एक आहे, मी रोज एक लिहून पाठवली. चूक माझी आहे. माझ्यावर विश्वास नका ठेवू, शेजाऱ्यांना बोलवा, पण दार उघडा."

मुलीने तिकडून फोनवरच दाराचं कुलूप उघडलं.

म्हातारे खुर्चीत बसले होते. ओठ सोलवटलेले, तोंडात फोड, अंगात कणकण. तोंड आलंय म्हणून दोन दिवस ते नुसत्या पाण्यावर होते. बोलायला त्रास होत होता, म्हणून त्यांनी फोन उचलून दाखवला. मुलीने कागद वाचून त्यात गोळ्यांची आठवण लावून दिली होती. रोज नऊ वाजता, आणि सहाही दिवसांसमोर हिरवी खूण. एकही दिवस चुकवला नाही, हे दाखवताना त्यांचा चेहरा शाळकरी पोरासारखा झाला. आजची गोळीही पोटात गेली होती. टायपिस्टबाई तिथेच जमिनीवर बसली आणि त्यांचा हात हातात धरून तिने त्यांना सगळं सांगितलं. तेवढ्यात रुग्णवाहिका आली.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. उतारा म्हणून दुसरं औषध सुरू झालं, त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. नऊ दिवस रक्ताचा आकडा हलला नाही. टायपिस्टबाई रोज सकाळी दारातल्या काचेतून बघून कामाला जाई. घरी ती ताट तसंच टाकून उठे. नवरा ते झाकून ठेवी. नणंद जिना उतरून खाली येई, जरा वेळ बसे आणि परत जाई. दहाव्या दिवशी आकडा वर सरकला. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन गोळ्या गेल्या असत्या तर हाती काही उरलं नसतं.

चौकशी झाली. दोघींनी आपापला जबाब लिहून दिला आणि दोघींनी आपापलीच चूक आधी लिहिली. टायपिस्टबाईला लेखी ताकीद मिळाली आणि सहा महिने औषधांचे कागद तिच्याकडून काढून घेतले. नणंदेकडून नव्या प्रोग्रॅमचं काम गेलं. रेघा आता कुणालाच बंद करता येत नाहीत.

मुलगी मात्र विरघळली नाही. तुम्ही दारात आलात हे खरं, पण तो कागदही तुमचाच होता, एवढंच ती म्हणाली आणि पुढे कधी दोघींशी बोलली नाही. टायपिस्टबाईनेही समजूत काढायला जायचं टाळलं. तिचा राग हा तिचा हक्क आहे, असं ती म्हणे.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्यांनी तिला आत बोलावलं. हा मुलीने दिलेला फोन मला जड जातो, तुम्हाला यातलं कळतं असं सिस्टर म्हणतात, तर एखादा साधा फोन सुचवा, असं ते म्हणाले. तिने जरा विचार केला.

"फोन हाच राहू द्या. मुलीने प्रेमाने दिलाय," ती म्हणाली. "फक्त हॉस्पिटलचा नंबर यात नावानिशी घालू या. द्या इकडे."

बटणं नसलेल्या त्या फोनशी ती बराच वेळ झटत राहिली. शेवटी नंबर साठवला गेला, तेव्हा तिने तो त्यांच्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला.