ताईचा पॉज कुणी काढला?

माझी ताई दातांच्या कवळ्या बनवते. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं टेबल आहे. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, ओळीनं मांडलेले परक्यांचे जबडे. आतल्या खोलीत भाऊजी. चार वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं अर्धंमुर्धं उरलं. एकच शब्द ठणठणीत राहिला: "अगं!" पाणी हवं, अगं. कूस बदलायचीय, अगं. नुसतंच करमत नाही, तरी अगं.

साच्यातलं प्लास्टर घट्ट व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात ताई कॉम्प्युटरवर गेम खेळायची. हो, पन्नाशीची बाई! हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. दऱ्याखोऱ्यांचं, जादूटोण्याचं भलंमोठं जग आणि त्यात हिची एक धनुष्यवाली. वाट्टेल तिकडे जायचं, वाट्टेल ते करायचं. ही बाई जडीबुटी गोळा करत हिंडायची. राक्षसानं गदा उगारली आणि आतून "अगं" आलं, की बटण दाबायचं. पॉज. ही जाणार, भाऊजींना पाणी पाजणार, उशी नीट करणार, चार गोष्टी बोलणार, मग येणार. राक्षस आपला गदा उगारून तस्साच.

"माझ्यासाठी थांबणारा जगात हा एकटाच आहे बघ," ती म्हणायची.

मग त्या कंपनीला अवदसा आठवली. नवीन आवृत्ती आली: आता सगळे मिळून खेळा! एकट्यानं खेळायची सोयच काढून टाकली. हजारो माणसं एकाच जगात, म्हणून पॉजही गेला. एकीसाठी सगळ्यांचं जग कसं थांबवणार? कबूल. पण मग जिला एकटीला खेळायचंय तिचं जग हिसकावता कशाला? तिनं तुमचं काय घोडं मारलं होतं?

आणि मी मोठी शहाणी! "बरं झालं की ताई," मीच म्हटलं, "चार माणसांत बोलशील तरी. घरकोंबडी झालीयस नुसती." माइकही मीच आणून दिला.

राक्षस आता एकटीला आवरणारे राहिले नव्हते, म्हणून ती एका टोळीत शिरली. ही धरून पाच जण. हेडफोन लावले तर भाऊजी ऐकू येणार नाहीत, म्हणून स्पीकर चालू. पहिल्याच लढाईत आतून "अगं" आलं. ताईनं सवयीनं बटण दाबलं आणि उठून गेली. त्या मेल्या बटणानं आता नुसती पर्यायांची यादी उघडायची, लढाई चालूच. परत येते तो सगळी टोळी मरून पडलेली आणि स्पीकरमधून शिव्यांचा भडिमार. एका दिवट्यानं माइकवरून भाऊजींचा आवाज ऐकला होता. त्यानं हुबेहूब नक्कल केली. दुसऱ्या दिवसापासून ताईचं नाव पडलं अगंबाई. आतून हाक आली रे आली, की चौघंही एका सुरात "अगं! अगं!"

"सोड की तो गेम," मी म्हटलं.

"सहा वर्षं हिंडतेय गं त्या दऱ्यांत," ती म्हणाली. "लोकांचं काय, हसतील आणि गप्प बसतील."

मग दोन दुपारी आतून हाकच आली नाही. ताईला वाटलं, बरी झोप लागतेय. तिसऱ्या दुपारी सहज डोकावली तर अंथरूण ओलं, ओठ सुकलेले आणि डोळे टक्क उघडे.

"अहो, हाक का नाही मारली?"

भाऊजींनी डाव्या हातानं बाहेरच्या खोलीकडे बोट दाखवलं. "हस... तात," ते म्हणाले. "तु... ला."

त्याच संध्याकाळी ताईनं गेम काढून टाकला. मी कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं: खेळाडूंना सोबत हवी असते, असं आमच्या पाहणीत दिसून आलं आहे. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या! कुणाला विचारलंत? सोबत होती तिला. पलीकडच्याच खोलीत होती!

आता ती दर दहा मिनिटांनी काम टाकून, मेणाच्या हातांनीच आत जाऊन बघते. परवा मी तिथंच होते. ती त्यांच्या उशाशी बसली होती.

"मारा ना हो हाक," ती म्हणत होती. "कुणी नाहीये आता. गेले सगळे."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.