अध्यात्म विभागातला रक्तपिपासू

मला पिशाच्चांच्या प्रेमकथा आवडतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या, इंग्रजी, जाडजूड आणि एका भागात कधीच न संपणाऱ्या. पन्नाशीच्या बाईने हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग काळजीने तिच्या नवऱ्याकडे बघतात. माझ्या नवऱ्याला आता त्याची सवय झाली आहे.

मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काम करते. कुठली वस्तू कुठल्या रॅकवर, कुणाच्या सहीने बाहेर जाते, हे ठरलेलं असलं की मला शांत झोप लागते. गंभीर साहित्यात तसं काही ठरलेलं नसतं. नायक पानंच्या पानं खिडकीबाहेर बघतो आणि शेवटी खिडकी लावून घेतो. पिशाच्चांच्या पुस्तकात मात्र सुरुवातीलाच नियम सांगून टाकतात: ऊन चालतं की नाही, आरशात दिसतो की नाही, लसूण सोसतो की नाही, बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येतो की नाही. प्रत्येक लेखिकेचे नियम वेगळे, म्हणून मी त्यांचा तक्ता ठेवते. त्या तक्त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की या मंडळींनी परदेशातल्या थंड, धुकट गावांत उगाच हाल काढले. त्यांनी बडोद्याला यायला हवं होतं. आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत लसूण शिजत नाही, आणि दारात कुणीही उभं राहिलं तरी आतून ‘आवो, आवो’ ऐकू येतंच. उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात दुपारी इथे जिवंत माणसंही बाहेर पडत नाहीत.

तेव्हा ऑफिसातून दमून येणाऱ्या बायकांना मी ही पुस्तकं बिनदिक्कत सुचवते. फक्त दुसरा भाग जपून. त्यात नायक नायिकेच्या भल्यासाठी तिच्याशी बोलणं सोडतो आणि कथा चिखलात रुतते. तो भाग डभोईच्या बसमध्ये वाचावा. दोन्ही सारखेच हळू जातात.

हे वेड मला लावलं आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीने. ती तेव्हा अकरावीत होती. वडील बाजव्याकडच्या रिफायनरीत शिफ्टला. रात्रपाळी करून आले की ते दिवसा झोपत, आणि ते झोपले की त्या दोन खोल्यांत कुजबुजीपेक्षा मोठा आवाज काढायचा नाही असा कायदा होता. कुकरसुद्धा त्यांच्या झोपेच्या वेळा बघून चढायचा. त्या मुलीला मोठ्याने हसायला गावात एकच जागा होती: आमच्या मराठी वाचनालयाची मागची खोली.

या वाचनालयाची मी चिटणीस. आमच्या प्रत्येक आजीव सभासदाचे पणजोबा दरबारात होते. सगळेच दरबारात होते तर बाहेर कोण उभं असायचं, हे मी अजून कुठल्या सभेत विचारलेलं नाही. या सभासदांची नातवंडं मित्रांशी गुजराती बोलतात, टीव्हीशी हिंदी, मास्तरांशी इंग्रजी, आणि मराठी फक्त आमटी मागायला, तेही ‘ना’ऐवजी गुजराती ‘ने’ लावून. ‘नवी पिढी वाचत नाही’ हा विषय म्हणून प्रत्येक सभेत असतो. त्यावर सगळे हळहळतात आणि मग चहा येतो.

ती नवी पिढी शाळा सुटल्यावर आमच्याच मागच्या खोलीत बसलेली असायची, पण तिच्याकडे बघायला हळहळीतून वेळ मिळत नव्हता. मग एका कोचिंग क्लासच्या मालकाने ती खोली भाड्याने मागितली. ते सभेला आले, सगळ्यांना ‘जय श्रीकृष्ण’ केलं, बटाट्याच्या ओलसर ‘लीला’ चिवड्याचा डबा उघडला, आणि दुसऱ्या मुठीपर्यंत समितीचं मत बनलं होतं. सगळ्यांत ठाम होत्या आमच्या खजिनदारबाई. त्या मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं म्हणणं असं की मुलं खोलीत बसतात, खिदळतात, पण पुस्तक म्हणून नेत नाहीत. हे खरं होतं. नेण्यासारखं होतं काय? थोर पुरुषांच्या बालपणावरची एक मालिका होती, आणि त्यातलं एकही बाळ कधी खोटं बोललेलं नव्हतं. शेवटी असं ठरलं की दिवाळीनंतरच्या सभेपर्यंत बघायचं. मुलांनी पुस्तकं नेली तर खोली राहील, नाहीतर क्लासला जाईल.

ही बातमी त्या मुलीला संध्याकाळपर्यंत कळली आणि ती वर माझ्याकडे आली. तिच्या आईने तोडगा काढलेलाच होता: तूही तोच क्लास लाव, म्हणजे त्याच खोलीत बसायला मिळेल.

“बसायला मिळेल, काकू,” ती म्हणाली. “पण हसायला नाही मिळणार ने.”

मी तिला विचारलं, वाचनालयात काय असेल तर तुम्ही घरी न्याल? तिने दप्तरातून एक पुस्तक काढलं. सयाजीगंजात हॉस्टेलांच्या रस्त्यावर जुनी पुस्तकं मिळतात, तिथून आणलेलं. म्हणाली, “एक वार वाचून तर बघा. नाही आवडलं तर परत.” साडी दाखवावी तसं.

वाचलं. नायक जहाजाबरोबर बुडून मेलेला, तीनशे वर्षांचा, आणि तरी अकरावीत. आमच्या घराण्यात एकजण दोनदा अकरावीत बसला तेव्हा त्याला काकांच्या दुकानात बसवला होता. नायिका दीड पानात आत्मा द्यायला तयार होते; आम्हाला मॅचिंगचा ब्लाउज पीस घ्यायला याहून जास्त वेळ लागतो. शिवाय शेजारी एक भला मुलगा आहे, तो दर अमावास्येला बिबट्या होतो. मी हसत हसत वाचत गेले आणि दोनशे पानांनंतर लक्षात आलं की मी हसायचं विसरले आहे. पुढच्या रविवारी त्याच रस्त्यावरून सगळे भाग आणले आणि वाचनालयाला देणगी म्हणून दिले.

देणगीचं पुस्तक कुठल्या विभागात जाणार हे अध्यक्ष ठरवतात. आमचे अध्यक्ष तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. ते फक्त मागचं कव्हर वाचतात, भिंगातून. पुस्तकाची नाडी पाठीवर लागते असं त्यांचं मत आहे. या पाठीवर अमर, आत्मा, अनंत आणि तृष्णा अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. पुढच्या कव्हरवर एक पांढराफटक तरुण डोळे मिटून उभा होता. त्याला त्यांनी ध्यानस्थ मानलं.

“तृष्णा आणि तृष्णेवर विजय,” ते भिंग ठेवत म्हणाले. “पाश्चात्त्य आता आपल्या वाटेने यायला लागले.”

आणि त्यांनी अध्यात्म विभागाची चिठ्ठी लावली. मी चिठ्ठीखाली नोंद क्रमांक घातला. मी चिटणीस आहे. वर्गीकरण हा अध्यक्षांचा अधिकार आहे.

तर ती पुस्तकं भाष्यं आणि प्रवचनं यांच्यामध्ये जाऊन बसली. ज्या कपाटाची किल्ली आधी शोधावी लागायची, ते दुसऱ्या दिवसापासून उघडंच राहू लागलं. त्या मुलीने मागच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं होतं. पोरं यायची, गंभीर चेहऱ्याने अध्यात्म मागायची आणि नेऊन वाचायची. सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवरात्राच्या तोंडावर खजिनदारबाईंनी, उपासाच्या दिवसांत काही चांगलं वाचावं म्हणून, त्याच कपाटातून पहिला भाग नेला.

मुख्याध्यापिका सुरू केलेलं काम अर्धवट सोडत नाहीत. काही दिवसांनी त्या माझ्या घरी आल्या. पुस्तक पोथीसारखं फडक्यात गुंडाळलेलं. आता खोली जाणार आणि बहुधा माझं चिटणीसपदही, असं धरून मी चहा ठेवला.

“हा मुलगा मुंजा आहे,” बाई म्हणाल्या.

मी चहा गाळला.

“लग्नाआधी गेलेला, मुलींच्या मागे लागणारा. मुंजाच.”

“त्याची मुंज झाली नसेल, बाई. परदेशातला आहे.”

“लक्षणं तीच आहेत. पिंपळ मिळाला नाही म्हणून शाळेत जातो. त्या मुलीला कुणी सांगितलं की नाही?”

“तिला माहीत आहे.”

“आणि तरी?”

“तरी.”

बाईंनी चहा संपवला. कप बशीत नीट मध्यावर ठेवला आणि दुसरा भाग कुणाकडे आहे ते विचारलं.

तो त्या मुलीकडे होता. उभ्या नोकरीत बाई विद्यार्थ्याकडे काही मागायला गेल्या नसतील, पण दुसऱ्या दिवशी त्या मागच्या खोलीत गेल्या. आधी, मुख्याध्यापिका वर्गात शिरल्यावर होते तशी, शांतता पसरली. मग वाद ऐकू यायला लागला. बाईंच्या मते शेजारचा मुलगाच चांगला होता. घरी आई आहे, वेळेवर जेवतो, सांगतो ते वय खरं आहे. मुलगी म्हणत होती, पण तो बिबट्या होतो ने.

“महिन्यातून एकच दिवस होतो ना?” बाई म्हणाल्या. “मग नवऱ्यांमध्ये हा बराच.”

यानंतर खोलीत जो हशा झाला त्यावरून मला वाटलं, चला, खोली वाचली. पण बाई दुसरा भाग पिशवीत घालून माझ्या टेबलाशी थांबल्या आणि त्यांनी मला स्वच्छ सांगितलं की पुस्तकाचं पुस्तकाजवळ आणि शिस्तीचं शिस्तीजवळ. सभेत त्या क्लासच्या बाजूनेच बोलणार आहेत. वाचनाने माणूस बदलतो असं आम्ही वाचनालयाच्या भिंतीवर लिहून ठेवलं आहे. ते पुसावं का, याचा मी विचार केला.

दिवाळीनंतरच्या सभेला क्लासचे मालक मोठा डबा घेऊन आले. बाईंनी उभं राहून सुरुवात केली: मुलं खोली खिदळायला वापरतात, आणि एखाददुसरं पुस्तक नेलं म्हणजे वाचन नव्हे. मग दरवर्षीप्रमाणे मी विभागवार नोंदी वाचल्या. यंदा सगळ्यांत जास्त पुस्तकं अध्यात्म विभागातून गेली होती, आणि नेणारे जवळपास सगळे शाळा-कॉलेजातले.

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग ते पुष्कळ बोलले. बाहेर सगळं जग मॉल आणि मोबाइलच्या मागे धावत असताना आपल्या वाचनालयात पोरं आत्म्याविषयी विचारतात, असा त्याचा मथितार्थ. एका आजीव सभासदांनी डोळे टिपले. त्यांच्या नातवाचं नाव नोंदींत होतं. ते म्हणाले, घरी तर तो देवाला नमस्कारही करत नाही.

“ते आतून असतं,” अध्यक्षांनी त्यांना समजावलं.

आता सगळे बाईंकडे बघायला लागले. त्या पुस्तकांत खरं काय आहे हे त्या सभेत माझ्याखेरीज फक्त त्यांना माहीत होतं. ते सांगायचं तर कसं माहीत हेही सांगावं लागणार, आणि तिसरा भाग त्या क्षणी त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत होता. पिशवीचा बंद त्यांनी बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“तृष्णेबद्दल बरंच आहे त्यांत,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी चाळलंय.” आणि खाली बसल्या.

खोली मुलांकडे राहिली. क्लासच्या मालकांनी नकार हसत घेतला आणि चिवडा तिथेच ठेवून गेले, म्हणजे समितीचं तसं काही नुकसान झालं नाही. वार्षिक अहवालात ‘तरुण वाचकांचा अध्यात्माकडे ओढा’ असा स्वतंत्र परिच्छेद आला. तो मीच लिहिला आणि त्यातला एकही आकडा खोटा नाही.

फक्त अध्यक्ष चांगली गोष्ट गृहपाठाशिवाय सोडू शकत नाहीत. खोलीत बसणाऱ्या प्रत्येक मुलाने ‘या ग्रंथांतून मी काय शिकलो’ यावर दहा ओळी लिहून आणायच्या आणि वर्धापनदिनाला सभासदांपुढे वाचायच्या, असं त्यांनी जाहीर केलं. जो लिहिणार नाही त्याने खोलीत बसायचं नाही.

संध्याकाळी ती मुलगी कोरा कागद घेऊन वर आली. सभेच्या आधीही तिचा चेहरा इतका उतरलेला नव्हता. एकही ओळ सुचत नव्हती आणि खोटं लिहिलं तर अध्यक्ष पकडतील अशी तिला भीती. मी तिला पाट दिला आणि पेन उघडायला सांगितलं.

“लिही. देह नश्वर आहे.”

तिने अर्धी ओळ लिहिली आणि थांबली. “काकू, पण त्याचा नाहीये ने.”

मुद्दा बरोबर होता. नियम म्हणजे नियम.

“मग आधी ‘आपला’ घाल,” मी म्हटलं.