मालनचं गोलाचं जाळं

मालन कोळीण मैदानात शिरली तेव्हा फाटकाशी उभे असलेले चौघे हलले नाहीत. तिलाच अंग चोरून मधून जावं लागलं.

"आली बघ भोकवाली."

"हळू बोल. टोपलीतून कोयता काढेल."

"काढीन की," मालन म्हणाली. "पण तुमच्यात कापायसारखं आहे काय? नुसते काटे."

परवापर्यंत हेच चौघे तिला मावशी म्हणायचे. चौऱ्याऐंशीच्या त्या हिवाळ्यात अंधेरीचा त्यांचा फुटबॉल क्लब पहिल्यांदाच देशभरातल्या संघांच्या नॉकआउट कपात खेळत होता. हरला तो घरी, असा हिशोब. घरच्या मैदानावर दोन फेऱ्या जिंकल्या. काल तिसरी, गोव्याच्या संघाशी. एक गोल मागे, पाच मिनिटं उरलेली. शिवदासने डावीकडून तिरका फटका मारला, बॉल उजव्या खांबाच्या आतून गेला आणि मालनने विणून दिलेल्या जाळ्याच्या बाजूला पडलेल्या भोकातून सरळ बाहेर पडला. रेफ्री लांब होता. त्याला बॉल बाहेर दिसला, त्याने गोलकिक दिली. कप संपला.

दिवेलागणीपर्यंत बाजारभर झालं की कोळणीच्या जाळ्याने क्लबला बुडवलं. सकाळी एक बाई सुरमई दाबत विचारून गेली, "हिलापण भोक आहे का गं?"

ते मालनने गिळलं. पण मागून वेसाव्याच्या एका होडीचा तांडेल गुणाजी आला आणि टोपलीकडे न बघता म्हणाला, "मालन, आमचं जाळं जरा परत तपासून दे." ते मात्र गिळता येईना.

वेसाव्यात जाळं विणणं बाप्यांचं काम. पण तिचा बाप धोंडिराम, त्याला मुलगा नव्हता. सातव्या वर्षी त्याने पोरीच्या हातात लाकडी सुई दिली आणि ओली झाल्यावर आणखी घट्ट बसणारी गाठ शिकवली. बाप गेला, नवरा गेला, गाठ राहिली. सात होड्या तिच्या गाठीच्या भरवशावर खोल पाण्यात जायच्या. आज एकाने विचारलं. उद्या सातही विचारतील, परवा विचारणारही नाहीत.

क्लबच्या खोलीत सेक्रेटरी श्यामसुंदर प्रधान बसले होते. समोर टाईप केलेला कागद, शेजारी भिंतीला टेकून शिवदास.

"ये. इथे सही कर. जाळं कच्चं विणल्यामुळे फाटलं, एवढंच लिहिलंय. वर उत्तर द्यावं लागतं आम्हाला. नाहीतर पुढल्या वर्षी मैदान जाईल."

"आधी जाळं बघते, साहेब."

"बघायचं काय त्यात? अख्ख्या अंधेरीने बघितलंय."

"अंधेरीने विणलं नव्हतं."

ती गोलपाशी जाऊन उकिडवी बसली. शिवदास मागोमाग आला, प्रधानही आले. तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"तुटलेला धागा पिंजतो. हे टोक बघा, सरळ. ब्लेडने कापलंय. गाठी सगळ्या जागच्या जागी आहेत. आणि ही सुतळी कोणाची?" कडेला सुतळीचा तुकडा लोंबत होता, वर बुटाच्या नाडीसारखा फासा.

"टवाळ पोरं येतात संध्याकाळी," प्रधान म्हणाले. "चल, ऊन लागतंय. सही कर आणि सूट."

खोलीत परतल्यावर तिने पेन घेतलं नाही. ती भिंतीकडे बघत होती. तिथे दुसऱ्या फेरीचा, पेपरात आलेला फोटो फ्रेम करून लावला होता. गोलकीपर बाळा हवेत, बोटांना बॉल, आणि मागे गर्दीत दोन्ही हात वर केलेले प्रधान.

"हा फोटो खांबाच्या बाजूने काढलाय ना?"

"मग?"

"मग माझं जाळं कुठाय? बाळाच्या तोंडावर धागे यायला पाहिजेत. एकपण नाही."

शिवदास भिंतीपासून सरळ झाला. "साहेब, तो पेपरवाला त्या दिवशी कुठे बसला होता?"

"त्याच्या लेन्सपुढे जाळी येत होती." प्रधानांनी कागद सरळ केला, तो सरळच होता. "जाळ्याचे चार डोळे कापले फक्त. मॅच सुटल्यावर मी स्वतः बांधून घेतलं. क्लबचा फोटो पेपरात यायला नको होता का?"

"क्लबचा," शिवदास म्हणाला. "बघा की, केवढा मोठा आलाय क्लब. हात वर करून."

"तोंड सांभाळ, शिवदास."

शिवदास परत भिंतीला टेकला. मालनकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"हे बघ मालन," प्रधानांनी आवाज खाली आणला, "सही राहू दे. गोष्ट इथेच मिटव."

"इथे मिटवू? बाजारात पोचवली ती कोणी? तू. आता बाजारातच मिटेल."

ती पुन्हा गोलपाशी गेली. टोपलीतला कोयता काढून तिने भोकाभोवतीचं जाळं गोल कापलं, सुतळीसकट.

"ते क्लबचं आहे," प्रधान पायरीवरून ओरडले.

"जाळं क्लबचं. ठेव. भोक मी नेते."

फाटकाशी ते चौघे अजून होते. या वेळी बाजूला झाले. मावशी मात्र कोणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अंधेरीच्या बाजारात मालनच्या डोक्यावरच्या खिळ्याला ते भोक टांगलेलं होतं. गुणाजीने कापलेली टोकं बोटात धरून बघितली, सुतळीचा फासा ओढला. तो सुटून हातात आला. "जाळं तपासायचं राहू दे," तो म्हणाला. "उद्या नवीन सूत पाठवतो."

गिऱ्हाईक विचारी, हे काय गं. मालन बांगड्याचं पोट साफ करता करता सगळं सांगे, नावासकट. प्रधानांकडची मासळी त्या आठवड्यापासून पार्ल्याच्या बाजारातून येऊ लागली.